वीजघर, बाबासाहेब आणि आपली पोरं

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे विहाराच्या कार्यकर्त्यांनी सांगितले. मी गिरणीतला माणूस. शाळा बेताचीच, जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर. धम्मावर लिहिणारे जाणकार आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून मी आपल्या इतिहासाच्या एका कोपऱ्याबद्दल लिहितो, ज्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तो कोपरा म्हणजे वीज, आणि वीजघरात काम करणारा कारागीर.

फोंड्याचा घाट चढून दाजीपूरवरून राधानगरीकडे गेलात की शाहू महाराजांचे धरण लागते. महाराजांनी ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले. ते १९२२ साली गेले आणि धरण पुरे झाले १९५० नंतर. त्याच्या पायथ्याशी छोटे वीजघर आहे. मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत ज्या राजाने तरुण बाबासाहेबांना जाहीर पाठिंबा दिला, त्याच राजाने अडवलेल्या पाण्यावर पुढे दिवे लागले. आपल्या खाली दोडामार्गकडे तिलारीचे ६० मेगावॅटचे वीजघर १९८६ साली सुरू झाले. म्हणजे वीजघर ही काही आपल्यापासून लांबची गोष्ट नव्हे.

आपली माणसे घाटाखालून मुंबईला गेली आणि गिरणीत लागली. गिरण्या आधी वाफेवर चालत. १९१५ साली खोपोलीहून टाटांची वीज मुंबईला आली. त्यानंतर भिवपुरी १९२२ ला आणि भिरा १९२७ ला सुरू झाले. यंत्र बदलले, पण माणसाचे मन बदलले का? साचाखात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरली की तिचा धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि आपल्या तोंडाचा विटाळ! जास्त पगार त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. विजेवर चालणाऱ्या साच्यावरसुद्धा जात बसलेली होती, हे विसरू नका.

आता पुढचा भाग बघा. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत राहिले. कामाचे तास आठ करण्यासाठी त्यांनी काय केले ते आपल्याला ठाऊक असते. पण वीज आणि पाटबंधारे हे विषयसुद्धा त्यांच्याच खात्याकडे होते, हे कितीजण सांगतील? २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत विजेसंबंधीच्या समितीपुढे त्यांनी भाषण केले. त्याचा मथितार्थ असा : वीज स्वस्त पाहिजे, भरपूर पाहिजे. विजेशिवाय कारखानदारी वाढणार नाही, आणि कारखानदारीशिवाय या देशाचे दारिद्र्य हटणार नाही. वीज खाजगी मालकांच्या हाती ठेवण्यापेक्षा सरकारने चालवावी, याकडे त्यांचा कल होता. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेची बैठक जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याला त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाली.

यंत्रे आणली तरी चालवणार कोण? युद्धकाळातली तंत्रशिक्षणाची योजनाही मजूर खात्याकडे होती. बेव्हिन योजनेखाली तर आपल्या देशातले तरुण कामगार कारखान्यातले काम शिकायला इंग्लंडला पाठवले गेले. १९५० पासून जी आयटीआय निघाली, तिची मुळे त्या काळातल्या तंत्रशिक्षणात आहेत. विजतंत्री, तारतंत्री, जोडारी हे दाखले आज आपल्या घराघरांत आहेत ते असे आले. १९४८ च्या वीज कायद्याने राज्यांची वीज मंडळे झाली. आपले मंडळ जून १९६० चे. मंडळ सरकारी म्हणून तिथे राखीव जागा. गिरणीतल्या बापाला ज्या खात्याचा दरवाजा बंद होता, त्याचा मुलगा वीजघराच्या कंट्रोल रूममध्ये खुर्चीवर बसू लागला.

हे काम म्हणजे नुसते बटण दाबणे नव्हे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून येऊन पोफळीच्या भूमिगत वीजघरात पडते आणि टर्बाइन फिरवते. १९६२ साली तिथला पहिला संच सुरू झाला. संच लाइनवर घेताना दाब, गती आणि फेज हे सगळे बाहेरच्या जाळ्याशी जुळावे लागते, सेकंदाला ५० आवर्तने. जुळले नाही तर यंत्राला जबर हिसका बसतो. दर तासाला बेअरिंगचे तापमान, तेलाचा दाब, भार हे सगळे वहीत लिहायचे. दुरुस्तीला हात लावण्याआधी परमिट घ्यायचे, ब्रेकर उघडायचा, कुलूप लावायचे, अर्थिंग करायचे. एक पायरी चुकली तर माणूस जागेवर जातो. विजेला जात कळत नाही, पण निष्काळजीपणा मात्र लगेच कळतो.

पाण्यावरचा संच काही मिनिटांत चालू होतो, कोळशाच्या बॉयलरला तास लागतात. म्हणून संध्याकाळी घरोघर दिवे लागले की कोयनेकडे मागणी होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, सुमारे १८० माणसे गेली, आणि मुंबईची वीज तुटून कारखाने थंडावले. घाटातला कारागीर आणि गिरणीतला कामगार एकाच तारेने बांधलेले होते, हे त्या दिवशी कळले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला, तरी त्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. कोयनेच्या विस्थापितांचे पुनर्वसन कित्येक दशके रेंगाळले. आणि कित्येक गावांत खांब आधी गावात उभे राहिले, आपल्या वस्तीत सर्वांत शेवटी. बाबासाहेबांना वीज हवी होती ती गरिबासाठी. ती गरिबाच्या जमिनीवरून गेली आणि त्याच्या घरात उशिरा आली, हेही इतिहासात लिहायला हवे.

जून २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या. आता पुष्कळसे काम कंत्राटदाराकडून होते. पोरगा तोच, खांब तोच, धोका तोच. पगार मात्र निम्म्यालाही लागत नाही, आणि कायम होण्याची आशा नाही. साचाखात्याचा दरवाजा विटाळाच्या नावाने बंद होता. आजचा दरवाजा कंत्राटाच्या नावाने अर्धा बंद आहे. आरक्षण कागदावर राहते आणि जागा कंत्राटात जाते. हा प्रश्न विहाराच्या बैठकीत बोलला पाहिजे, युनियनमध्येही बोलला पाहिजे.

तरुणांना एवढेच सांगणे. आयटीआयचा दाखला मिळाला की थांबू नका. शिकाऊ उमेदवारी पुरी करा, वायरमनचा परवाना काढा, परमिट घेतल्याशिवाय तारेला हात लावू नका, साहेब कितीही घाई करो. मुलींनीही या ट्रेडला जावे. आणि महाराष्ट्र शासनाने छापलेला बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा दहावा खंड विहाराच्या कपाटात ठेवावा. त्यात त्यांच्या मंत्रिपदाचा काळ आहे. तो इंग्रजीत आहे. शिकलेल्या पोरांनी रविवारी वाचून वडीलधाऱ्यांना मराठीत समजावून सांगावा. आम्ही ऐकायला येऊ.

जयभीम!