कनु गांधींचें भिंग

जुहूच्या ओल्या वाळूंतून एक लहान मुलगा काठीचें एक टोक धरून पुढें चालला आहे आणि दुसरें टोक हातीं धरून गांधीजी त्याच्यामागें ओढले जात आहेत, हें चित्र ज्यानें पाहिलें नाहीं असा वाचक विरळा. चित्र डिसेंबर १९३७ मधलें आहे; परंतु दांडीयात्रेंतलें म्हणून तें पुष्कळदां छापलें जातें. आम्हां विलेपार्लेकरांना याचें अंमळ वाईट वाटतें. तो किनारा आमच्या गांवापासून पायीं जाण्याजोगा. शिवाय १९३० सालीं मिठाच्या सत्याग्रहाची छावणी खुद्द पार्ल्यांतच होती, तेव्हां आमच्या वाट्याचा इतिहास दांडीला देऊन टाकण्याचें कारण नाहीं. दुसरा घोटाळा नांवाचा. चित्रांतला मुलगा कनु हा रामदास गांधींचा पुत्र. गांधीजींचीं चित्रें घेणारे कनु गांधी निराळे. हे नारणदास गांधींचे चिरंजीव, जन्म १९१७ चा, नात्यानें गांधीजींच्या पुतण्याचे मुलगे. आम्हांला लिहावयाचें आहे तें या दुसऱ्या कनूंविषयीं.

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमांत ते कचेरीचें काम पाहत. गांधीजींच्या नित्यजीवनाचीं चित्रें घ्यावींत, असें विनोबांचे बंधु शिवाजी भावे यांनीं त्यांना सुचविलें. पण आश्रमाजवळ कॅमेऱ्यासाठीं पैसा नव्हता. पुढें घनश्यामदास बिर्ला यांनीं शंभर रुपये दिले आणि रोलायफ्लेक्स आला. गांधीजींनीं तीन अटी घातल्या: प्रकाशाचा झोत टाकावयाचा नाहीं, चित्रासाठीं थांबावयास किंवा बसावयास सांगावयाचें नाहीं, आणि या छंदाचा खर्च आश्रम देणार नाहीं.

चौथी अट यंत्राचीच होती, आणि आमच्या मतें तिचा विचार फारसा झालेला नाहीं. रोलायफ्लेक्सला दोन भिंगें असतात. वरच्यांतून पाहावयाचें, खालच्यांतून चित्र घ्यावयाचें. दोन्हीं कायमचीं जडविलेलीं. चित्र घेणाऱ्या भिंगाचें नाभ्यंतर, म्हणजे दूरच्या वस्तूचे किरण भिंगामागें ज्या अंतरावर एकत्र येतात तें अंतर, पाऊणशें मिलिमीटर किंवा त्याहून किंचित् अधिक. सहा सेंटिमीटरांच्या चौरस फिल्मवर असें भिंग दूरचें जवळ आणीत नाहीं आणि जवळचें पसरूनहि दाखवीत नाहीं.

लांब नाभ्यंतराचें भिंग चेहरा चपटा करतें व आंखूड नाभ्यंतराचें नाक वाढवितें, ही समजूत सर्वत्र आहे. ती अर्धीच खरी. नाकाचा शेंडा कानांच्या चार-पांच इंच पुढें असतो. दीड फुटावरून पाहिलें तर नाक कानांच्या मानानें पाव हिश्शानें मोठें दिसतें. दहा फुटांवरून हा फरक शेंकडा चारांवर येतो. भिंग कोणतेंहि असो, हा हिशेब बदलत नाहीं, कारण तो केवळ अंतराचा आहे. भिंग ठरवितें तें एवढेंच, कीं अमुक इतकें दृश्य चौकटींत बसवावयाचें तर मनुष्यानें कोठें उभें राहावें. तात्पर्य, छायाचित्रकाराची दृष्टि त्याच्या डोळ्यांत जितकी असते तितकीच त्याच्या पायांत असते.

कनूंना चेहरा मोठा हवा असेल तर तीन-चार फुटांवर जाणें भाग होतें. परकी माणसें तेथवर पोंचत नसत. कनु तेथेंच राहत. मागें सरावें तर कुटीची भिंत आड येई. म्हणून त्यांच्या पुष्कळ चित्रांत गांधीजी पाठमोरे आहेत, कोणाच्या तरी खांद्याआड अर्धे झांकलेले आहेत, मंद उजेडामुळें पुसट झालेले आहेत. आश्रमांतील टेलिफोनवर बोलणारे गांधीजी, सूक्ष्मदर्शकांत कुष्ठरोगाचे जंतु पाहणारे गांधीजी, त्याच रोगानें पीडलेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करणारे गांधीजी: यांतलें कोणतेंहि चित्र दुरून चोरून घेतल्यासारखें वाटत नाहीं. आणखी एक गोष्ट. हा कॅमेरा पोटाशीं धरून, मान खालीं घालून पाहावा लागतो. भुईवर बसलेल्या माणसाचें चित्र घेण्यास ती उंची सोयीची. आणि समोरच्यावर डोळे रोखलेले नसल्यामुळें तोहि अवघडत नाहीं.

१९४६ मध्यें अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्यास आल्या. आधीं चरखा चालवावयास शिका, असें त्यांना सांगण्यांत आलें. मग झोताचे तीनच दिवे वापरण्याची परवानगी मिळाली. पहिले दोन वायां गेले, तिसऱ्यानें काम साधलें. पुढें चरखा आहे, मागें गांधीजी वाचीत आहेत. चित्र जगभर गेलें. रचना म्हणून कनूंचें एकहि चित्र कदाचित् त्याच्या तोडीचें नसेल. पण त्यांतले गांधीजी पाहुण्यासमोर बसलेले आहेत, हें आम्हांला विसरतां येत नाहीं.

फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीं जवळजवळ सारें आयुष्य पन्नास मिलिमीटरच्या एकाच भिंगावर काढलें. त्यांना भिंगें बदलतां येत होतीं. त्यांनीं बदललीं नाहींत. कनूंपुढें निवडीचा प्रश्नच आला नाहीं. तरीहि दोघांनाहि किती पावलें पुढें जावें हें डोळा लावण्यापूर्वींच कळत असलें पाहिजे.

मात्र पुढें जाण्याची परवानगी भिंग देत नाहीं. फेब्रुवारी १९४४ मध्यें पुण्याच्या आगाखान राजवाड्यांत कस्तुरबा गांधीजींच्या मांडीवर अखेरच्या घटका मोजीत होत्या. कनु जवळ होते, अंतर त्यांच्या कॅमेऱ्याला हवें तेवढेंच होतें. गांधीजींनीं नको म्हटलें आणि तें चित्र घेतलें गेलें नाहीं.

त्याच वर्षीं कनूंचा आभा चटर्जी यांच्याशीं विवाह झाला. ३० जानेवारी १९४८ रोजीं कार्तिए-ब्रेसाँ दिल्लीच्या बिर्ला भवनांत गांधीजींना भेटून गेले. सायंकाळीं प्रार्थनेला निघतांना गांधीजींचा एक हात आभांच्या खांद्यावर होता. कनु त्या वेळीं नोआखालींत होते.