चिनी मातीची पट्टी

मांडीची मोठी रोहिणी तुटली, तर वैद्य येण्यापूर्वींच माणूस हातचा जातो. अवघ्या कांहीं मिनिटांचा तो खेळ असतो. युरोपांतील शस्त्रवैद्य अशा वेळीं तापलेल्या लोखंडाचा डाग देत. आंब्रवाज पारे या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १५५२ सालीं एका वेढ्यांत, पाय कापलेल्या जखमीच्या रोहिणीला डाग न देतां दोरा बांधला. परंतु दोरा बांधावयास जाणता हात पाहिजे. हातापायांवर पट्टा आवळून बांधतां येतो. जांघेंत व काखेंत तोही चालत नाहीं.

२००२ सालीं अमेरिकेंत निराळी तोड निघाली. झिओलाइट नांवाच्या खनिजाचे दाणे जखमेंत ओतावयाचे. ते रक्तांतील पाणी शोषून घेत व रक्त लवकर गोठे. मात्र पाणी शोषतांना ते इतके तापत, कीं कित्येकांचें मांस भाजलें. पारेनें घालविलेला डाग मागच्या दारानें परत आला म्हणावयाचा!

यांतून वाट काढली ती कपबशांच्या मातीनें. चीनमधील गाओलिंग या स्थळावरून जिला केओलिन हें नांव पडलें, तीच ही माती. तिचा गुण प्रयोगशाळेस आधींच ठाऊक होता. १९५५ सालीं रॅटनॉफ व कोलोपी या अमेरिकन संशोधकांनीं एका चमत्कारिक रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचें रक्त कांचेच्या नळींत गोठतां गोठत नसे, तरी त्याला रक्तस्रावाची व्यथा मुळींच नव्हती. उलट १९६८ सालीं फुप्फुसांत रक्ताची गाठ अडकूनच तो वारला. त्याच्या रक्तांत जो घटक नव्हता, त्यास आज बारावा घटक म्हणतात. कांच किंवा केओलिन यांचा स्पर्श होतांच हा घटक जागा होतो, तो पुढच्यास जागवितो, आणि अखेर रक्त साकळतें. १९६१ पासून रक्ताच्या एका तपासणींत केओलिन वापरूं लागले. तीच माती पुढें गॉजच्या पट्टींत आली. ती तापत नाहीं. २००८ सालीं अमेरिकन सैन्याच्या युद्धजखमींविषयींच्या समितीनें तिची शिफारस केली.

परंतु पट्टी नुसती वर ठेवून भागत नाहीं. रक्त जेथून उसळतें तेथपर्यंत ती बोटांनीं खोल कोंबावी लागते, आणि मग निदान तीन मिनिटें सर्व भार देऊन दाबावी लागते. थांबलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं मध्येंच उचलली, तर बसूं लागलेली गाठ निसटते. छाती वा पोट यांच्या पोकळींत ती कोंबूं नये. पट्टी जवळ नसेल, तर स्वच्छ सुती कापडही असेंच कोंबतां येतें. मात्र मग हात अधिक वेळ तसाच दाबून धरावा लागतो.