पर्यटनसेवक, जबलपूरचे

भेडाघाट, बरगी जलाशय आणि सुमारे १६० किलोमीटरांवरील कान्हा राष्ट्रीय उद्यान येथे येणाऱ्या प्रवाशांच्या सेवेवर निर्वाह करणारा वर्ग. नावाडी, वाटाडे, वाहनचालक, उपाहारगृहांतील नोकर व संगमरवराचे कारागीर यांचा त्यात समावेश होतो. मध्य प्रदेश राज्य पर्यटन विकास महामंडळ १९७८ मध्ये स्थापन झाल्यावर यांपैकी थोड्यांना दरमहा तनख्याची कायम नेमणूक लाभली. इतर बहुतेकांचा योगक्षेम हंगामावर, ठेक्यावर वा रोजंदारीवरच चालतो.

भेडाघाटचा नावाडी हा या वर्गाचा खरा प्रतिनिधी होय. पंचवटी घाटावरून सुटलेली नौका शुभ्र पाषाणांच्या उत्तुंग भिंतींमधून वल्हवीत नेताना तो यमकबद्ध हिंदीत ‘बंदरकूदनी’, ‘भूलभुलैया’ ही स्थळे दाखवितो, आणि कड्यांनी वाट सर्वस्वी रोधल्याचा भास होतो त्या वळणावर क्षणभर वल्ही थांबवून, आता मार्ग कोणता, असे विचारून प्रवाशांस कोड्यात पाडतो. श्रोत्यांच्या मुद्रेवरील विस्मय तत्क्षणी पाहावयास मिळत असल्याने, प्राप्ती तुटपुंजी असूनही या कामात समाधान आहे. परंतु त्या समाधानाकडे बोट दाखवून नावाड्याच्या अस्थैर्याकडे डोळेझाक करणे अन्यायाचे ठरेल. नर्मदेला पावसाळी पूर आला की नौकानयन बंद पडते, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर कान्ह्याच्या गाभाक्षेत्राचे दरवाजेही मिटलेले असतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीने तर उन्हाळी सुट्टीचा भरगच्च हंगामच हिरावून नेला.

उपाहारगृहातील तरुण नोकर चार पैसे अधिक मिळताच अन्यत्र जातो. त्यास बेइमान ठरविण्याचा अधिकार, नेमणुकीचा साधा कागदही न देणाऱ्या मालकास पोहोचत नाही. याउलट नावाड्याची निष्ठा घाटाशी व नर्मदामाईशी जडलेली असते, आणि तिची दखल कोणताही हजेरीपट घेत नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने कायम कामगारास सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचे, तर हंगामी आस्थापनेतील कामगारास प्रत्येक हंगामासाठी सात दिवसांचे वेतन देऊ केले. स्वतःची नाव स्वतः वल्हविणाऱ्यास मालकच नसल्यामुळे तो या दोन्हींस मुकतो. २०२१ मध्ये भेडाघाट युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाले, तेव्हा गौरविला गेला तो पाषाण. तो पाषाण प्रवाशांस उलगडून दाखविणाऱ्यांच्या पावसाळी निर्वाहाची तजवीज सरकारने करणे रास्त होय.