तळटीप : ‘तरंगवाहक’

* तरंगवाहक : प्रकाशाला ठरलेल्या वाटेने नेणारा पारदर्शक पदार्थ. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 डिशांचे संदेश जमिनीत पुरलेल्या काचतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतात. तंतूच्या गाभ्याचा अपवर्तनांक भोवतालच्या काचेहून किंचित जास्त असतो, म्हणून प्रकाश बाहेर निसटत नाही. दर किलोमीटरला त्याला सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात. प्रत्येक डिशचा हा विलंब जुळवल्याखेरीज तीस डिशांची मिळून एक दुर्बीण होत नाही.

प्रस्तुत प्रकरणात मात्र दोन काचांमधला, काही मायक्रोमीटर जाडीचा द्रवस्फटिकाचा थरच तरंगवाहक आहे. प्रिझममधून सोडलेल्या लेसरचा कोन हळूहळू बदलत नेला की ठरावीक कोनांना प्रकाश थरात शिरतो आणि परतणारा उजेड एकदम मंदावतो. रेणू कलले की हे कोन सरकतात. त्यांवरून काचेलगत रेणू किती कललेले आहेत आणि मध्यावर किती, हे दोन काचांचा हा घट न उघडता गणिताने काढता येते. या पद्धतीचे खरे मोल इथे आहे. ‘प्रकाशनळी’ हा शब्द आम्ही मुद्दाम टाळला. नळी पोकळ असते. इथे तर प्रकाशाची वाट भरीव काचेतून किंवा द्रवातूनच जाते. — संपा.