दक्षिण आफ्रिका : राजकारण व क्रीडा (१९९०–९९)
वर्णभेदी राजवटीचा अंत, लोकशाहीची स्थापना आणि आंतरराष्ट्रीय क्रीडाक्षेत्रातील पुनरागमन या घटनांनी दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासात हे दशक महत्त्वाचे ठरले.

राष्ट्राध्यक्ष एफ. डब्ल्यू. डी क्लार्क यांनी २ फेब्रुवारी १९९० रोजी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरील बंदी उठविली. ११ फेब्रुवारीस नेल्सन मंडेला २७ वर्षांच्या कारावासातून मुक्त झाले. नोव्हेंबर १९९१ मध्ये क्रिकेट संघाने कोलकात्यातील ईडन गार्डन्सवर भारताविरुद्ध एकदिवसीय सामना खेळून बहिष्काराचा काळ संपविला. मार्च १९९२ च्या सार्वमतात सुमारे ६९ टक्के गौरवर्णीय मतदारांनी सुधारणांच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी बार्सेलोना येथे देश ऑलिंपिकमध्ये परतला. मंडेला व डी क्लार्क यांना १९९३ चे शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

एप्रिल १९९४ मध्ये सर्व वंशांच्या नागरिकांनी प्रथमच एकत्र मतदान केले. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला ४०० पैकी २५२ जागा मिळाल्या व १० मे रोजी मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. २४ जून १९९५ रोजी जोहॅनिसबर्गच्या एलिस पार्कवर न्यूझीलंडला १५–१२ असे हरवून देशाने रग्बी विश्वचषक जिंकला. कर्णधाराची जर्सी घालून मंडेलांनी फ्रान्स्वा पिनार यांना चषक दिला. राष्ट्रीय सलोख्याचे ते प्रतीक ठरले.

१९९६ मध्ये फुटबॉल संघाने आफ्रिकन राष्ट्रचषक जिंकला आणि जोसाया थुग्वाने ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकी खेळाडू ठरले. नवे संविधान ४ फेब्रुवारी १९९७ पासून अंमलात आले. जून १९९९ मध्ये थाबो एम्बेकी राष्ट्राध्यक्ष झाले.