नोर्ग्येलिंग : धानाच्या मुलखातील तिबेटी वसाहत

पूर्व विदर्भात, नवेगाव बांधच्या जंगलाला लागून असलेल्या गोठणगाव-प्रतापगड परिसरात, महाराष्ट्रातील एकमेव तिबेटी शेती-वसाहत आहे. १९७२ मध्ये ती वसली तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि अर्जुनी मोरगाव तालुका तिकडे गेला, तरी निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या दप्तरी ही वसाहत आजही भंडाऱ्याचीच म्हणून नोंदली जाते.

अशा निर्वासितांच्या वस्तीचा इतिहास तिच्या खाण्यापिण्यातून उलगडत पाहुण्यांना पायी फिरवण्याची रीत आता अनेक शहरांत रूढ झाली असून, मायामीतील ‘लिटल हवाना’ हे तिचे ठळक उदाहरण होय. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबा सोडून आलेल्या कुटुंबांनी तेथील आठव्या रस्त्यावर उपाहारगृहे, कॉफीच्या खिडक्या आणि हाताने चिरूट वळण्याची दुकाने उभारली. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात ल्हासातील उठाव चिरडला गेला आणि दलाई लामांपाठोपाठ हजारो तिबेटी हिमालय ओलांडून भारतात आले. दोन्ही निर्वासनांचे वर्ष एक असले, तरी वस्त्यांचे रूप मात्र अगदी निराळे झाले, आणि त्याचे कारण स्वयंपाकघरात नव्हे, तर आश्रय देणाऱ्या राज्याच्या धोरणात शोधावे लागते. क्यूबनांना १९६६ च्या अमेरिकी कायद्याने कायम वास्तव्याची वाट मोकळी करून दिली आणि ते शहरातले दुकानदार झाले. तिबेट्यांना भारताने एकत्र राहण्यासाठी कसायला जमीन दिली, शाळा दिल्या, पण परदेशी नागरिक म्हणून त्यांची नोंद कायम ठेवली आणि वास्तव्याचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीने नवे करून घेण्याची अट घातली.

या धोरणालाही पूर्वेतिहास आहे. आरंभी आसामातील मिसामारी आणि बंगालमधील बक्सा येथील छावण्यांत ठेवलेल्या लोकांपैकी अनेकांना हिमालयातील रस्त्यांच्या कामावर लावण्यात आले, आणि थंड, विरळ हवेला सरावलेली ही माणसे सखल भागातील छावण्यांत उष्म्याने व आजारांनी खचू लागली, तेव्हा केंद्र सरकारने राज्यांकडे जमिनीची विचारणा केली. म्हैसूर राज्याने प्रथम होकार दिल्याने १९६० मध्ये बैलकुप्पे येथील वसाहत सुरू झाली, पाठोपाठ सरगुजातील मैनपाट, ओरिसातील चंद्रगिरी आणि उत्तर कर्नाटकातील मुंडगोड येथे वसाहती झाल्या. नोर्ग्येलिंग ही त्या मालिकेतील उशिराची कडी. पठारावर जव पिकवणाऱ्या आणि याक चारणाऱ्या कुटुंबांना येथे वाट्याला आला तो कोहळी समाजाने खोदलेल्या तलावांचा, चिखलणी-रोवणीचा आणि उन्हाळ्यात अंग भाजून काढणारा धानाचा मुलूख.

तिबेटी आहाराचा पाया म्हणजे त्साम्पा, अर्थात भाजलेल्या जवाचे पीठ, जे लोणी आणि खारट चहात कालवून मुठीने मळून खाल्ले जाते. सातूचे पीठ ओळखणाऱ्या वैदर्भीयाला ते फारसे परके वाटू नये. लाकडी उंच नळकांड्यात चहा, मीठ आणि लोणी घुसळून होणारा चहा कोरड्या थंडीत शरीराला ऊब व स्निग्धता देतो. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातील या जंगलपट्ट्याच्या, मे महिन्यात त्याचे प्रयोजन पोषणाचे कमी आणि अगत्याचे अधिक, हे उघड आहे. शेतात जव नाही म्हणून भात रोजच्या ताटात आला, तर मैद्याने थुक्पा म्हणजे शेवयांचे पातळ कालवण, तिंग्मो म्हणजे वाफवलेला घड्यांचा पाव आणि मोमो यांना तगवले. शहरी विदर्भाला मोमो ठाऊक झाला तो मात्र या वसाहतीच्या चुलीवरून नव्हे. दिल्ली, दार्जिलिंग आणि नेपाळी विक्रेत्यांच्या वाटेने तो गाड्यांवर पोहोचला.

खाण्यातून श्रद्धा कशी टिकते हे लोसारच्या, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या, तोंडावर दिसते. सरत्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यातील २९ व्या दिवशी नऊ जिन्नसांचे गुथुक नावाचे कालवण होते. त्यातल्या कणकेच्या गोळ्यांत मिरची, कोळसा, लोकर, मीठ असे काही दडवलेले असते आणि ज्याला जे मिळेल त्यावरून त्याचा स्वभाव सांगून थट्टा होते. जेवण झाल्यावर कणकेची बाहुली, उरलेले कालवण आणि घरातली पीडा एकत्र बाहेर नेऊन टाकतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराईला हाका देत मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेणाऱ्या पूर्व विदर्भाला हा विधी समजावून सांगण्याची गरज नाही. दोहोंत देवघेव झालेली नसताना हे साम्य असावे, हीच लक्षणीय गोष्ट.

शेतीवर मात्र वसाहतीचे भागले नाही. भारतभरच्या तिबेटी वसाहतींप्रमाणे येथेही लोकरी कपड्यांच्या हंगामी व्यापाराचा आधार घ्यावा लागला: लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून बहुधा उधारीवर स्वेटर उचलायचे, दिवाळीच्या सुमारास शहरोशहरी तिबेटी बाजार मांडायचा आणि थंडी ओसरली की हिशेब चुकवून परतायचे. धानाच्या कापणीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा मोसम भरात येतो, त्याच काळात या घरांतील कर्ती माणसे परगावी असतात. म्हणून ज्याला ही वसाहत पायी फिरून, तिच्या पाहुणचारासह पाहायची असेल त्याने हिवाळ्याचा सोयीचा काळ सोडून फेब्रुवारी-मार्चमधील लोसारची वेळ गाठावी, कारण खाप्से ही तळलेली नक्षीदार पुरी करायला घरी माणसे असतात ती तेव्हाच.