बसून लिहिणाऱ्यांचे दुखणे : शिरूर-दौंडचा मागोवा

शिरूर आणि दौंड परिसरात बसून लिहिण्याचे काम तिथल्या रेल्वेहून आणि कारखान्यांहून फार जुने आहे. मराठी अमलात गावाचा कारभार पाटील पाही आणि त्याची लिखापढी कुलकर्णी करी. जमिनीचा झाडा, वसुलीचा ताळेबंद, खातेवार येणे-बाकी हे सारे त्याच्या हातचे असे. त्याची कचेरी म्हणजे बहुधा स्वतःच्या घराची ओसरी. जमिनीवर मांडी घालून, नाहीतर एक गुडघा उभा धरून, कागद गुडघ्यावर किंवा उतरत्या बैठ्या मेजावर ठेवून तो लिही. लिपी मोडी. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरे तिला लटकवत न्यायची. मोडीचा हा वेग लिहिणाऱ्याच्या मनगटातून आणि खांद्यातून येई.

या बैठकीत पाठ वाकते, मान खाली झुकते आणि उजवा खांदा पुढे येतो. तरीही साधनेच अशी होती की हात सलग चालत नसे. बोरू दौतीत पुन्हापुन्हा बुडवावा लागे, टोक झिजले की चाकूने तासावे लागे, ओल्या शाईवर वाळू भुरभुरवावी लागे, दप्तराचा रुमाल सोडण्या-बांधण्यासाठी उठावे लागे. जमिनीवर बसलेला माणूस मांडी बदलतो, टेकतो, पाय पसरतो. ही उसंत कोणी ठरवून दिलेली नव्हती. पुढच्या दोनशे वर्षांत लेखनाची साधने जसजशी सुधारली तसतशी ही उसंत नाहीशी होत गेली, आणि या लेखाचा विषय असलेल्या दुखण्याचा इतिहास बराचसा या बदलातच आहे.

दुखण्याला भाषेत नावे भरपूर आहेत. पाठीत एकाएकी धरते ती उसण, सणकन जाते ती चमक, थंडीपावसात उठतो तो वात. आयुर्वेदात कंबरेपासून पायात उतरणाऱ्या वेदनेला गृध्रसी आणि मान आखडण्याला मन्यास्तंभ म्हटले असून दोन्ही वातविकारांत मोडतात. घरगुती उपायही ठरलेले : निर्गुंडीच्या पाल्याचा शेक, गरम विटेचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा शेक, तेलाचे मर्दन. उसण भरली की पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या, माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. हे उपाय चार-आठ दिवसांच्या दुखण्याचे होत. उसण बहुतेक वेळा आपोआप ओसरते, म्हणून त्यांना यशही मिळे. महिनोन्‌महिने टिकणाऱ्या दुखण्याला मात्र ‘जुनाट’ हे एकच विशेषण होते आणि सोसणे हाच त्याचा उपाय.

लेखनिकांच्या दुखण्याचे पहिले नेमके वर्णन मराठी अमलाच्याच काळात युरोपात झाले. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या १७१३ च्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांच्या त्रासाची त्याने तीन कारणे दिली : सतत बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. हे तिसरे कारण पुढे दीर्घकाळ विसरले गेले.

इंग्रजी अमलात लिखापढी झपाट्याने वाढली. १८३६ साली शेजारच्या इंदापूर तालुक्यात नवी जमीन मोजणी आणि आकारणी लागू झाली व तीच पद्धत पुढे भीमथडीसह इतर तालुक्यांत पसरली. आजच्या दौंड तालुक्याचा बराच भाग तेव्हा भीमथडीत मोडे. प्रत्येक शेताला क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकाला खातेदार मिळाला. याच्या जोडीला सावकारांच्या पेढ्या होत्या. तिथे गादीवर बसून रोजमेळ आणि खतावणी लिहिली जाई. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे उठाव पेटला. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता; खते आणि रोखे हिसकावून जाळण्यात आले. कुळाला वाचता न येणारा कागद त्याची जमीन नेत होता, आणि या अन्यायापुढे लिहिणाऱ्याच्या पाठदुखीचा विचार त्या काळी कोणाच्या मनात येणे शक्यच नव्हते.

उठावाचा परिणाम म्हणून १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने शेतकऱ्याला आधार दिला तो आणखी कागदांच्या रूपाने. शेतकऱ्याचा दस्तऐवज यापुढे ग्रामनिबंधकाने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिलेला असावा, सावकाराने पावती आणि हिशेबाचा उतारा द्यावा, अशा तरतुदी आल्या. योग्यच होत्या त्या. परंतु प्रत्येक सुधारणेसोबत लेखणीचे काम वाढते, हा प्रघात इथून पक्का झाला.

दौंडला वेगळे वळण रेल्वेने दिले. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा मार्ग आधीच झाला होता. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाला आणि दौंड जंक्शन बनले. स्टेशनात तारबाबू आले, मालधक्क्याचे कारकून आले, पाळ्या आल्या. कुलकर्णी सवडीने उठे. तारबाबूला गाडीच्या वेळेशी बांधून राहावे लागे. तारेची कळ दाबणारे मनगट दिवसभर तीच एक बारीक हालचाल करी. ब्रिटनमध्ये या कामातून जडणारा हाताचा पेटका १९०८ साली भरपाईस पात्र रोगांच्या यादीत घातला गेला. भारतात १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा आला तेव्हा चित्र उलट होते. त्याच्या अनुसूचीतील कितीतरी कलमांनी कारकुनी काम करणाऱ्यांना वगळले होते, आणि रेल्वे कार्यालयांत कायम नेमलेले नोकर तर स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवले होते. रुळांवरच्या माणसाचे शरीर कामात झिजते हे कायद्याने मानले, मेजामागच्या माणसाचे मानले नाही. कारकुनांना वगळणारे शब्द निघायला २००९ ची दुरुस्ती यावी लागली.

१९५१ मध्ये कुलकर्णी वतने संपली आणि गावचे दप्तर पगारी तलाठ्याकडे गेले. मोडी मागे पडून बाळबोध आली, बैठकीच्या जागी खुर्ची-टेबल आले. तहसील कचेरीच्या आवारात अर्ज लिहून देणारे आणि टंकलेखक बसू लागले. यांत्रिक टंकयंत्राच्या जड कळांनी बोटे आणि खांदे दुखत, पण ओळ संपली की दांडा सरकवायला हात उचलावा लागे, पान संपले की कागद बदलावा लागे. संगणकाने तीही उसंत काढून घेतली. सातबारा आणि फेरफार संगणकावर आले, साखर कारखान्यांची गट कार्यालये आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील कचेऱ्या पडद्यासमोर बसल्या. कारखान्यांना लागू असलेल्या १९४८ च्या कायद्यात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सक्तीची होती; बसून काम करणाऱ्याने मधूनमधून उभे राहावे यासाठी तशी तरतूद नव्हती.

वैद्यकाचे मतही या काळात पालटले. बराच काळ पाठदुखीवर अंथरुणात पडून राहण्याचा सल्ला दिला जाई. १९८६ साली अमेरिकेतील एका चाचणीत दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच गुणकारी ठरली, आणि पुढील अभ्यासांनी रोजचे व्यवहार चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. त्याआधी १९६५ मध्ये संशोधक मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडले होते की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूतच कमीजास्त होतो. मनःस्थितीचाही त्यावर परिणाम होतो. रामाझ्झिनीचे तिसरे कारण असे अडीच शतकांनी परत आले. तीन महिन्यांहून अधिक टिकणारी वेदना हा स्वतंत्र विकार मानून २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात तिला स्वतःची जागा मिळाली.

पुणे जिल्ह्याचा स्वतःचा वाटाही यात आहे. १९३७ साली पुण्यात आलेले बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टा आणि भिंतीवरचे दोर यांच्या आधाराने ताठर व दुखऱ्या शरीरालाही आसने जमतील अशी पद्धत घडवली. त्यांची संस्था १९७५ मध्ये उभी राहिली. आज फिजिओथेरपिस्ट मेजावर काम करणाऱ्याला जे सांगतात ते साधे असते : पडदा डोळ्यांच्या पातळीला, कोपर टेकलेले, पाय जमिनीवर, आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले. वेदना पूर्ण जाईपर्यंत थांबू नये, ती असतानाच चालणे आणि व्यायाम थोडाथोडा वाढवावा, असेही ते सांगतात. यांतले चार पावलांचे काम कुलकर्ण्याच्या ओसरीवर बोरू, दौत आणि दप्तराचा रुमाल करवून घेत. पडद्यासमोर बसलेल्याला ते आठवणीने करावे लागते, आणि तेवढी मुभा त्याला कामाच्या जागी मिळावी लागते.